रंगमंचासाठी प्रकाशमान तलवार : रचना व रंगाची निवड

(उच्च प्राथमिक वर्गांसाठी हस्तव्यवसाय व सामान्य विज्ञान यांचा संयुक्त पाठ)

हेतू.— स्नेहसंमेलनातील नाट्यप्रवेशासाठी लागणारी वस्तू विद्यार्थ्यांनी स्वहस्ते तयार करावी आणि ती करीत असता प्रकाशाचे विकिरण, शोषण व परावर्तन यांचा प्रत्यक्ष अनुभव घ्यावा.

प्रस्तावना.— १९७७ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाने प्रकाशाच्या पात्याची तलवार जगभरच्या मुलांना परिचित करून दिली. तिच्या मुळाशी कोणतेही गूढ यंत्र नव्हते. नायकाच्या तलवारीची मूठ म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅश-दिव्याची दांडी होती. परावर्तक पदार्थाने मढविलेली काठी पाते म्हणून वापरण्यात आली व चित्रफितीवर मागाहून रंग चढविण्यात आला. रंगमंचावर ही सोय नसते. तेथे पाते खरोखरच उजळावे लागते.

साहित्य.— एल.ई.डी. दिव्याची लहान विजेरी, तिच्या तोंडावर घट्ट बसणारी सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, ट्रेसिंग कागद, चंदेरी कागद, लाल, हिरवा व निळा जिलेटिन कागद, काळी चिकटपट्टी.

कृती.— प्रथम रिकामी नळी विजेरीवर धरून खोलीत अंधार करावा. प्रकाश सरळ टोकातून निघून जातो व नळी जवळजवळ दिसतच नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. नंतर ट्रेसिंग कागदाची गुंडाळी नळीत सरकवावी. कागद प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. म्हणून पाते उजळते. टोकाशी चंदेरी कागदाची चकती, चकचकीत बाजू आत करून बसवावी. तिच्यामुळे निसटणारा प्रकाश परत फिरतो व टोकाकडील मंदपणा कमी होतो. शेवटी जिलेटिन कागदाची चकती विजेरीच्या तोंडावर ठेवून सांधा चिकटपट्टीने पक्का करावा.

रंगाची निवड.— रंग केवळ आवडीने निवडू नये. रंगीत कागद प्रकाशात भर घालीत नाही. आपल्या रंगाखेरीज इतर प्रकाश बव्हंशी शोषून घेतो. पांढऱ्या एल.ई.डी.च्या प्रकाशात गडद लाल रंगाचा अंश कमी असल्याने लाल पाते अधिक मंद दिसते. त्यासाठी कागदाचा एकच पदर वापरावा. मानवी नेत्र उजेडात हिरव्या रंगास सर्वाधिक संवेदनशील असतो, म्हणून हिरवे पाते दुरूनही स्पष्ट दिसते.

पार्श्वभूमीचा विचार तितकाच आवश्यक आहे. याच मालिकेतील १९८३ च्या चित्रपटात नायकाच्या पात्याचा रंग निळ्याऐवजी हिरवा करण्यात आला. कारण मोकळ्या आकाशापुढे निळे पाते उठून दिसत नव्हते. शाळेचा पडदा निळा असल्यास हाच धडा लागू पडतो. खलपात्रास लाल व नायकास निराळा रंग दिल्याने झुंजीत कोण कोणता हे प्रेक्षकांस चटकन कळते. अंतिम निर्णय मात्र रंगमंचाचे दिवे लावून, शेवटच्या रांगेत बसलेल्या विद्यार्थ्यास विचारूनच घ्यावा. ज्या बालकास सर्वांत मागे जागा मिळते, त्याच्यासाठीही नाटक असते.

दक्षता.— निकामी ट्यूबलाइट पाते म्हणून कधीही वापरू देऊ नये. तिची काच फुटते व आतील पारा विषारी असतो. बटनासारखे छोटे सेल टाळावेत. लहान मुलांनी ते गिळल्यास प्राणावर बेतते. विजेरीचा झोत डोळ्यांवर धरू नये. झुंज आधी बसवून घ्यावी आणि वार चेहऱ्याच्या दिशेने होऊ देऊ नयेत.

स्वाध्याय.—
१. ट्रेसिंग कागद काढल्यास पाते का दिसेनासे होते?
२. तिन्ही रंगांची पाती १० मीटर अंतरावरून पाहा व स्पष्टतेचा क्रम लावा.
३. आपल्या शाळेच्या पडद्यापुढे कोणता रंग योग्य ठरेल, ते कारणासह लिहा.