जुना लॅपटॉप घेताना काय पाहाल?



उसाच्या बिलाचे पैसे खात्यावर जमा झाले की कॉलेजला जाणारी मुलं-मुली लॅपटॉपचा विषय काढतात. मागणी रास्त असते, पण नवा परवडत नाही. मग जुना घ्यायचं ठरतं. त्यात गैर काही नाही. मोठ्या कंपन्या काही वर्षे वापरलेले लॅपटॉप एकगठ्ठा विकून टाकतात आणि त्यातले पुष्कळ उत्तम चालतात. मात्र फसगत झाली तर वर्षभर राबून आलेला पैसा पाण्यात जातो आणि पोराचा अभ्यासही अडतो. म्हणून हे चार शब्द.

आपण बाजारात झूल बघून बैल घेत नाही. तोंड उघडून दात बघतो, आदत आहे की जुळलेला ते पारखतो, चालवून बघतो आणि मगच सौदा करतो. लॅपटॉपलाही हीच रीत लावावी.

१) वय बघा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यापुढचे विंडोज ११ जुन्या मशीनवर नियमाप्रमाणे बसत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. विक्रेता म्हणतो, "आय-५ आहे, बिनधास्त न्या." पण आय-५ हे नाव २००९ पासून चालत आले आहे, त्यावरून वय कळत नाही. वय कळते पुढच्या आकड्यावरून. आय-५ ६३०० म्हणजे सहावी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. आकडा १० किंवा ११ ने सुरू झाला तर दहावी किंवा अकरावी. हा आकडा सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या ठिकाणी दिसतो. विंडोज ११ चालू दिसले म्हणजे झाले असेही नाही, कारण काही जण ते आडवाटेने बसवून देतात. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन दुकानातच चालवायला लावा. मशीन पात्र आहे की नाही, ते त्यातच दिसते.

२) आतले सामान बघा. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, पण त्यावर काम रखडत चालते. ८ जीबी असावी. साठवणीसाठी फिरती हार्डडिस्क नको, एसएसडी हवी. मशीन चटकन सुरू होते ते तिच्यामुळे.

३) बॅटरी तपासा. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे बॅटरी मेली की लॅपटॉप नुसता टेबलावरचा डबा होतो. विंडोजमध्ये 'बॅटरी रिपोर्ट' काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आज भरते ती क्षमता, असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीत धरा. चार्जर काढून अर्धा तास चालवूनही बघा.

४) कुलूप बघा. पैसे देण्याआधी मशीन पूर्ण रिसेट करून, इंटरनेट जोडून, पहिल्यापासून सुरू करायला सांगा. त्या वेळी एखाद्या कंपनीचे नाव येऊन तिथलाच ईमेल मागितला, तर मशीन अजून त्या कंपनीला बांधलेले आहे असे समजा. सुरुवातीलाच पासवर्ड मागणारे मशीनही घेऊ नका.

५) पावती घ्या. पावतीवर मशीनचा अनुक्रमांक आणि दुकानाची हमी किती दिवसांची ते लिहून घ्यावे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. पावती नाही म्हणून स्वस्त, तर तो सौदा सोडून द्या.

आता हिशोब. आकडे नुसते समजण्यासाठी आहेत. एक लॅपटॉप १२ हजाराला मिळतो, पण बॅटरीला ३ हजार आणि एसएसडीला अडीच हजार घालावे लागतात. म्हणजे पडला साडेसतरा हजाराला. शेजारच्या दुकानात १६ हजाराचा आहे आणि त्यात दोन्ही ठीक आहेत. मग स्वस्त कोणता?

शेवटी, काम कोणते ते आधी मुलालाच विचारा. नुसते लिहिणे-वाचणे असेल तर जुन्या मशीनवर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकूनही भागते. पण डिप्लोमाला ऑटोकॅड लागत असेल तर ते लिनक्सवर थेट चालत नाही, विंडोजच लागते. घाईने घेऊ नका. जाणकार मुलाला सोबत न्या, दोन दुकाने फिरा आणि मगच पैसे मोजा, एवढीच आमची विनंती.