आधी नेक बघ, मग रंग

ताई म्हणाली, तू इलेक्ट्रिक गिटार घेतोयस, आणि नुसती वाजवायला नाही तर उघडून तिच्यात फेरफार करायला. मला फार आनंद झाला. आता १२-१५ हजारांची साधी घेऊन तिच्यावर काम करायचं की ३० हजारांच्या आसपासची घेऊन थोडंच बदलायचं, हा तुझा प्रश्न. किमतीकडे नंतर येऊ. आधी गिटारमधलं काय बदलता येतं आणि काय येत नाही, हे डोक्यात पक्कं बसव.

पिकअप, पॉट, स्विच, जॅक, चाव्या, नट, ब्रिज हे सगळं आज ना उद्या बदलता येतं. पण नेक पिळलेला असेल, फ्रेट वरखाली ठोकलेले असतील किंवा नेक बसतो ती बॉडीतली खाच सैल असेल, तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च स्वस्त गिटारीला परवडत नाही. म्हणून दुकानात पैसे मोजायचे ते नेकचे.

नेक स्क्रूनं बसवलेलाच घे, डिंकानं चिकटवलेला नको. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण वस्तू बिघडली की उघडता आली पाहिजे हे त्याला कळत होतं. १९५४ साली आलेल्या त्याच्या स्ट्रॅटोकास्टरचा नेक चार स्क्रूंवर निघतो, म्हणून तर पुढच्या पिढ्यांना तिच्यात इतके फेरफार करता आले. एडी व्हॅन हेलनची ती गाजलेली पट्ट्यापट्ट्यांची गिटार बघ. तिची बॉडी ५० डॉलरची आणि नेक ८० डॉलरचा होता. जास्त पैसे कशावर गेले ते लक्षात घे.

आता दुकानात काय करायचं ते नीट ऐक. वाळूज-चिकलठाण्याच्या कंपन्यांमुळे आपल्या गावात फिलर गेज असलेलं घर शोधावं लागत नाही. शेजाऱ्याकडून मागून घे आणि खिशात टाक. आधी गिटार सुरात लावून घे. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धर, आणि सातव्या फ्रेटपाशी तार नि फ्रेट यांच्यामध्ये गेजची ०.२० मिमीची पाती घालून बघ. पाती अलगद सरकली की नेकचा बाक ठीक आहे. मोठी फट दिसली तरी लगेच नापसंत करू नकोस, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवून ती कमी होते का ते दुकानदाराला करून दाखवायला सांग. रॉडच फिरत नसेल तर ती गिटार तिथंच ठेव. मग जुनं एटीएम कार्ड घेऊन त्याची कड तीन फ्रेटवर टेकव. कार्ड डुगडुगलं तर मधला फ्रेट उंच आहे. असं वरपासून खालपर्यंत सगळ्या नेकवर कर, घाई करू नकोस, दुकानदार कंटाळला तरी चालेल. बाराव्या फ्रेटच्या पुढं बारीक तारा खेचून बघ. सूर मध्येच मरत असेल तर फ्रेट घासायचं काम निघणार. आणि दोन्ही बाजूच्या तारा नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर जातात का तेही बघ. एक तार कडेवरून घसरत असेल तर नेक वाकडा बसलाय.

स्वस्त गिटारीत मॉडेलपेक्षा हातातला नग महत्त्वाचा असतो. त्याच मॉडेलचे तीन नग काढायला सांग, तिन्हींत फरक सापडेल. मधल्या किमतीत हा फरक बराच कमी होतो, तिथं तू पैसे देतोस ते मुख्यतः या भरवशाचे. त्यामुळे माझा साधा नियम आहे: हातात घेऊन निवडता येत असेल तर स्वस्त घ्यायला हरकत नाही, ऑनलाइन मागवणार असशील तर मधलीच मागव. आपल्याकडे एका मॉडेलचे तीन नग मिळाले नाहीत तर मुंबईला जा. धोबीतलावला फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान आहे, १८६५ पासूनचं. एक दिवस मोडला तरी चालेल.

ऋतूचंही बघ. या किमतीतल्या बहुतेक गिटारी इंडोनेशिया नाहीतर चीनमध्ये बनतात, दमट हवेत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी होते की फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं. फ्रेट धातूचे, ते आकसत नाहीत. मग त्यांची टोकं कडेबाहेर येतात आणि हात वरखाली नेताना बोटाला टोचतात. श्रावणात तीच गिटार गुळगुळीत लागते. म्हणून घ्यायची तर उन्हाळ्यात घे, दोष असेल तो तेव्हाच दिसतो. टोकं थोडी टोचत असतील तर बारीक कानशीनं घासून निघतात, तेवढ्यासाठी चांगला नेक सोडू नकोस. घरी आणल्यावर ती कूलरच्या झोतासमोर ठेवू नकोस. दिवसभर ओली हवा आणि रात्री कूलर बंद, अशानं नेकचा बाक सारखा बदलत राहतो. ट्रस रॉड फिरवायचा झाला तर पाव फेरा, मग रात्रभर थांबायचं. घड्याळाच्या दिशेनं फिरवला की नेक सरळ होतो.

आता पैसे. समज १४,००० ची गिटार घेतलीस. तिच्यावर ९,००० चे पिकअप, साडेतीन हजारांच्या चाव्या, साडेचार हजारांचा ब्रिज, नट-पॉट-वायरचे २,०००. झाले ३३,०००. विकायला गेलास तर गिऱ्हाईक मूळ किमतीवरूनच भाव पाडणार. सगळंच बदलायचं असेल तर मधली घेणं सरळ शहाणपणाचं. यामाहाच्या पॅसिफिका ११२ व्हीला अल्डरची बॉडी, अल्निको-५ चे पिकअप आणि हमबकरची (दोन कॉइलच्या पिकअपची) एक कॉइल बंद करायची सोय आधीपासूनच असते. त्याच घरातल्या ०१२ वर हे सगळं घालायला बसलास तर हिशोब बसत नाही.

शिवाय स्वस्त गिटारीत मापं वेगळी असतात. सहा स्क्रूच्या ब्रिजचे टोकाचे दोन स्क्रू बहुधा ५२.५ मिमी अंतरावर असतात, अमेरिकी जुनं माप साधारण ५६ मिमी. बॉडी पातळ असली तर ब्रिजखालचा लांब ब्लॉक मागून बाहेर येतो. पॉट छोटे, १६ मिमीचे. मोठे घालायचे तर पिकगार्डचं भोक रीमरनं वाढवावं लागतं. सुटा भाग मागवण्याआधी व्हर्नियर लावून माप लिहून ठेव.

तुझ्यासाठी माझा कौल स्वस्त गिटारीला आहे, नेक चांगला सापडला तर. तुला हात शिकवायचाय, आणि ३० हजारांच्या गिटारीवर पहिला डाग देताना हात कापतो. पण एका वेळी एकच बदल कर. सुरुवात नटपासून आणि सेटिंगपासून. मिरजेचे सतारमेकर जव्हारी लावताना घोडीचा पृष्ठभाग जसा कणाकणानं घासतात, तसंच नटच्या खाचांचं काम आहे. जास्त घासलं गेलं की परत भरणं कटकटीचं असतं. नट नीट झाला की निम्म्या तक्रारी मिटतात, आणि मग कळतं की पिकअप बदलायची खरंच गरज आहे का.

पिकअपला हात घालशील तेव्हा सिंगल कॉइलला २५० के आणि हमबकरला ५०० के चे पॉट लाव. आपल्या विजेची ५० हर्ट्झची घुरघुर सिंगल कॉइलमध्ये शिरते, ती थोडी कमी करायला आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लाव आणि ती अर्थला जोड. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पॉट-स्विचच्या पायांना पुरतं. पॉटच्या पाठीवर डाग द्यायला ६० वॉटचं घे, आधी पॉलिश पेपरनं घासून, आणि झटपट. मिरवणुकीतल्या बेंजोतही चुंबकाचाच पिकअप असतो. बेंजो दुरुस्त करणारा कुणी सापडला तर त्याच्याकडे जाऊन बस, तो डाग कसा देतो ते बघ. व्हिडिओपेक्षा जास्त शिकशील.

आणि ही गोष्ट कधीही टाळू नकोस. गिटारच्या तारा ॲम्पमधून अर्थला जोडलेल्या असतात. जुन्या घरांत, मंडपात, जनरेटरवर अर्थिंगचा भरवसा नसतो. तीन पिनांतली अर्थची पिन काढून प्लग लावायचा नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. माइकजवळ तोंड नेण्याआधी तारांना आणि माइकच्या जाळीला टेस्टर लावायचा. दिवा लागला तर वाजवायचं नाही.

उघडण्याआधी मोबाइलवर वायरिंगचा फोटो काढ. काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून वर नाव लिही. विकायची वेळ आली तर मूळ भाग परत लाव आणि नवे वेगळे विक.