साप, कुत्रा आणि आपण



एप्रिल उजाडला की आपल्या बे एरियातल्या टेकड्यांवर गवत कमरेएवढे होते आणि पायवाटांच्या तोंडाशी सापाचे चित्र असलेल्या पाट्या डोळ्यांत भरू लागतात. आमच्या घरी ह्या पाटीचा परिणाम असा झाला की एप्रिल ते ऑक्टोबर कुत्र्याला फक्त सिमेंटच्या फुटपाथवरून फिरवायचे, असा ठराव बहुमताने पास झाला. विरोधात एकच मत पडले, ते कुत्र्याचे. वर्गात चौकशी केली तर असे ठराव आणखीही घरांत झालेले निघाले. वर्षातले सात महिने म्हणजे थोडेथोडके नव्हेत! म्हणून ह्या खेपेचा पाठ सापांवर.

"घाबरू नकोस" असे सांगून कोणाची भीती गेल्याचे मी पाहिलेले नाही. भीती असायला हरकत नाही, पण कुठे बघायचे, कोणत्या वेळी बघायचे आणि कोणाला बघायचे हे तिला माहीत असले पाहिजे. नाहीतर आपल्या म्हणीतल्यासारखे होते: साप साप म्हणून भुई धोपटणे. साप कुठेच नाही, आणि आपण सगळी जमीन काठीने बडवत सुटलो आहोत.

आपल्या भाषेत ही भीती किती खोल मुरली आहे ते पाहा. खेड्यापाड्यांत रात्रीच्या वेळी 'साप' हा शब्द उच्चारत नाहीत. 'जनावर' म्हणतात, 'लांबडं' म्हणतात, कोकणात 'किरडू' म्हणतात. नाव घेतले तर तो येईल, अशी समजूत. एखाद्याला साप चावला तर 'त्याला पान लागलं' असे म्हणायचे! पानाचा इथे काहीएक संबंध नाही. चावला हा शब्द तोंडातून काढायचा नाही, एवढेच.

आणि ही भीती उगीच नव्हती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यांतली, शेतावर राबणारी. पाय अनवाणी, वाट अंधारी आणि दवाखाना दूर. उलट अमेरिकेत दरवर्षी सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यांतले साधारण पाच जण दगावतात. ह्याचा अर्थ इथले साप गरीब आहेत असा मुळीच नाही. इथे पायात बूट असतात आणि इस्पितळ जवळ असते. आजीची भीती आजीच्या गावी रास्त होती. ती बॅगेत भरून इकडे आणताना मात्र वजन करून पाहायला हवी.

भीती अशी एका पिढीकडून दुसरीकडे कशी जाते, ह्यावर सुझन मिनेका ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला भीत नव्हती. पण दुसरे माकड सापाला घाबरते आहे हे पाहिल्यावर तीही लगेच घाबरायला शिकली. मग व्हिडिओत बदल करून, माकड जणू फुलाला घाबरते आहे असे दाखवले. फुलाची भीती मात्र कोणी शिकले नाही. म्हणजे सापाची भीती शिकण्याची तयारी आपल्यात आधीपासून असते, आणि धडा कोण देतो? जवळचे मोठे माणूस. पालकहो, हा परिच्छेद आपल्यासाठी आहे.

आता इथल्या सापाची ओळख करून घेऊ. बे एरियातल्या रानात माणसाला खरोखर धोका असलेल्या सापाची जात एकच: नॉर्दर्न पॅसिफिक रॅटलस्नेक. आपण त्याला 'खुळखुळ्या' म्हणू. डोके रुंद, त्रिकोणी, मान बारीक, अंग जाड आणि आखूडसे, शेपटीला खुळखुळा. खुळखुळा आपल्या नखांच्याच द्रव्याचा बनलेला असतो. साप कात टाकतो तेव्हा त्यात एका कडीची भर पडते. पण तो वर्षातून अनेकदा कात टाकू शकतो आणि टोकाच्या कड्या तुटूनही जातात, त्यामुळे कड्या मोजून वय सांगणे ही थाप आहे. पिल्लाला तर सुरुवातीला एकच कडी असते, तिचा आवाज येत नाही.

ह्याचा एक नातलग सह्याद्रीत राहतो, हिरवागार चापडा. दोघांच्याही डोळा आणि नाकपुडी ह्यांच्यामध्ये एक खळगा असतो आणि त्याने त्यांना उष्णता 'दिसते'. अंधारात उंदीर कुठे बसला आहे ते ह्या खळग्यामुळे कळते. आमच्या धंद्यात असला सेन्सर विकत घ्यायला बरेच पैसे पडतात.

बिनविषारी साप अर्थातच पुष्कळ आहेत. त्यांतला गोफर स्नेक पक्का नकलाकार. छेडला की डोके चपटे करतो, फुत्कार टाकतो आणि सुक्या पाचोळ्यात शेपटी अशी थरथरवतो की खुळखुळ्याच वाटावा. पण त्याची शेपटी टोकाकडे निमुळती होत जाते, खुळखुळा नसतो. उंदीर खाण्याच्या बाबतीत हा आपल्या धामणीचा भाऊ शोभेल. किंगस्नेक तर खुळखुळ्यालाच गिळतो.

ओळख असण्याचा उपयोग काय, हे आपल्या टेकड्यांवरच्या खारीकडून शिकावे. जमिनीत बिळे करून राहणारी ती करडी-तपकिरी खार तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. साप दिसला की ती पळून न जाता समोर उभी राहते आणि शेपटी जोरजोरात हलवते. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली दाखवले की समोर खुळखुळ्या असेल तर ती शेपटीत जास्त रक्त सोडून ती गरम करते. त्याला उष्णता दिसते ना! आणि समोर गोफर स्नेक असेल तर? शेपटी हलवते, पण तापवत नाही. त्याला तो खळगाच नाही, मग ऊब फुकट कशाला घालवायची? एवढीशी खार, पण कोणता साप आहे ते पाहून काय करायचे ते ठरवते.

आता कुत्र्याकडे वळू. कुत्रा जग नाकाने वाचतो, आणि तिथेच घोटाळा होतो. कुत्र्यांना बहुतेक वेळा दंश तोंडाला किंवा पुढच्या पायांना होतो, कारण हुंगायला तेच पुढे जातात. थोडे गणित करू. खुळखुळ्याची झेप साधारणपणे त्याच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत जाते. तीन-चार फुटांचा साप धरला तर दीड ते दोन फूट. आपल्या हातात सहा फुटांचा पट्टा आहे आणि आपण रुंद वाटेच्या मधोमध चाललो आहोत. मग कुत्र्याचे नाक काठावरच्या गवतात जाणार की नाही, हे आपल्या मनगटावर ठरते. तो सर्रकन लांब होणारा पट्टा टेकडीवर नकोच. कानातली गाणीही बंद ठेवा, खुळखुळा ऐकू यायला हवा. मात्र तो प्रत्येक वेळी वाजवेलच असे नाही, त्यामुळे नजर वाटेवरच हवी.

वेळेचेही भान ठेवावे. सापाचे अंग स्वतः तापत नाही, बाहेरची ऊब घ्यावी लागते. एप्रिल-मे मध्ये तो दुपारच्या कोवळ्या उन्हात पडलेला सापडेल. जुलै-ऑगस्टच्या रणरणत्या दुपारी तो बिळात किंवा दगडाखाली असतो आणि सकाळी लवकर व तिन्हीसांजेनंतर बाहेर निघतो. संध्याकाळी डांबरी वाट अजून गरम असते, तिच्यावर तो आडवा पसरतो. तेव्हा अंधार पडल्यावर विजेरी हवी. आपल्याकडे रात्री रानातून जाणारे लोक घुंगूरकाठी आपटत जात, धक्के जमिनीतून सापाला कळावेत म्हणून. गंमत पाहा, तिकडे घुंगरू माणसाच्या काठीला, इकडे सापाच्या शेपटीला!

साप दिसलाच तर थांबा. पट्टा आखडून कुत्र्याला पायाशी घ्या, साप कुठे आहे ते नीट पाहा आणि आल्या वाटेने सावकाश मागे व्हा. तो जाईपर्यंत थांबा किंवा परत फिरा. दगड मारणे, काठीने ढोसणे, फोटोसाठी जवळ जाणे ह्यांपैकी काही करू नका. अनेक दंश अशा खोड्यांतूनच होतात.

आणि दंश झालाच तर, माणसासाठी ९११. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, कारण सूज येते. शांत बसवा. कुत्र्याला शक्यतो उचलून न्या आणि जनावरांच्या दवाखान्यात निघण्यापूर्वी फोन करून सर्पविषावरचे औषध तिथे आहे ना ते विचारा. कुत्र्यासाठी लस मिळते, ती द्यावी का ते डॉक्टरांना विचारावे. पण लस दिलेली असली तरी दवाखाना चुकत नाही. आवळून दोरी बांधणे, चीर देणे, विष चोखणे, बर्फ लावणे हे आमच्या पिढीने सिनेमात पाहिलेले सगळे उपाय घातक आहेत. पालकहो, हात शिवशिवले तरी आवरा.

इतके सगळे कळूनही पोटात गोळा येईल. संध्याकाळी दोरी पाहून दचकणे तर आपल्या वेदान्त्यांनीसुद्धा उदाहरण म्हणून वापरले आहे. मेंदू आधी उडी मारतो आणि मग नीट पाहतो. दोरीला दहा वेळा दचकलो तरी काही बिघडत नाही, सापाला एकदा न दचकणे महाग पडते. तेव्हा दचकण्याची लाज नको. वाढवायची ती सवय, आणि तीसुद्धा पायरीपायरीने. आधी सापाचे चित्र काढा. मग चलच्चित्र पाहा. मग निसर्गकेंद्रात काचेआडचा साप, आधी दारातून, मग जवळून. मग थंड सकाळी, रुंद वाटेवर, मोठ्या माणसाबरोबर दहा मिनिटे. एका पायरीवर छातीतली धडधड ओसरली की मगच पुढची. एका दिवसात दोन पायऱ्या चढायची कोणी सक्ती करू नये, निदान शनिवारी-रविवारी तरी.

शब्दार्थ: वेटोळे – गोल गुंडाळून बसणे, कात – सापाची जुनी कातडी, फुत्कार – सापाचा 'फुस्स' आवाज, निमुळती – टोकाकडे बारीक होत जाणारी, तिन्हीसांजा – सूर्य मावळतानाची वेळ, विजेरी – टॉर्च, पाचोळा – वाळलेली पाने.

घरी करायचे: पुढच्या वर्गाआधी आजी-आजोबांना फोन करा. त्यांच्या गावी रात्री सापाला काय म्हणत, आणि नाग, घोणस, मण्यार, फुरसे, धामण, दिवड, नानेटी ह्यांपैकी कोणते त्यांनी स्वतः पाहिले, ते विचारून पाच वाक्ये लिहून आणा. विषारी कोणते आणि बिनविषारी कोणते, तेही त्यांनाच विचारा. फोन दिवसा करा. रात्री केलात तर उत्तर मिळणार नाही.