क्ष-किरण तंत्रज्ञ : नोंदणीमागील इतिहास

रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांनी त्या किरणांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. डोळ्यांना न दिसणारा हा किरण निदान करतो तशी इजाही करतो, हे जगाला अशा मृत्यूंनी शिकविले. तंत्रज्ञाला प्रशिक्षण व नोंदणी आवश्यक ठरली, त्यामागे हा इतिहास आहे.

आपल्याकडे बारावी विज्ञान शाखेनंतर या विषयाची पदविका वा पदवी घेता येते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाच्या नोंदणीची चौकट आखून दिली. काम करताना छातीवर टीएलडी बॅज लावावा लागतो; तो शरीराला मिळालेली किरणोत्साराची मात्रा नोंदवितो. पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टहून अधिक होता कामा नये, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे.

म्हणून पालकांना आम्ही आग्रहाने सांगतो : काही महिन्यांत प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांना भुलू नका, शुल्क भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता तपासा. कष्टाचा पैसा तर वाचेलच; शिवाय अपुऱ्या ज्ञानाची किंमत आपल्या मुलांना आणि त्यांच्यावर विसंबलेल्या रुग्णांना मोजावी लागणार नाही.