दगडावरची अक्षरे

मंडळी, कल्याणच्या पुढे राहणारी माणसे वेरूळ-अजिंठ्याची नावे घेतात, पैसे साठवून तिकडे जाऊनही येतात. जरूर जावे. पण अंबरनाथचे देऊळ आपल्या उंबऱ्याशी आहे. तिथे आपण महाशिवरात्रीच्या जत्रेला जातो. त्या गर्दीत दर्शन होते, देऊळ मात्र दिसत नाही. म्हणून एखाद्या साध्या दिवशी सकाळी जावे.

अंबरनाथ स्टेशनावर पूर्वेला उतरावे. तिथून देऊळ दोनेक किलोमीटरवर आहे. रिक्षा मिळते, चालतही जाता येते.

आसपास कोणालाही विचारा, "हे देऊळ कोणी बांधलं हो?" उत्तर येईल, "पांडवांनी! एका रात्रीत बांधलं. उजाडलं म्हणून कळस राहिला." गोष्ट गोड आहे. वर शिखर पुरे नाही, ही गोष्टही खरी. गाभाऱ्यात उभे राहून वर पाहिले तर आकाश दिसते.

पण देवळावर त्याची हकिगत लिहिलेली आहे. उत्तरेकडच्या दरवाजावर, आतल्या बाजूच्या तुळईवर एक लेख कोरला आहे. भाषा संस्कृत, लिपी नागरी. आपण पाटीवर गिरवतो त्या अक्षरांचे हे पणजोबाच म्हणा ना! लेख झिजला आहे, आपल्याला तो सहज लागणार नाही. जाणकारांनी तो वाचला आहे. त्यात शके ९८२ हे साल आहे. शिलाहार घराण्यातल्या मम्वाणी राजाचे नाव आहे. त्याचा भाऊ छित्तराज, त्याचेही नाव आहे.

शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येतो. ९८२ आणि ७८, झाले १०६०. तेव्हा ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून २३० वर्षे होती. शिवाजीमहाराजांच्या जन्माला ५७० वर्षे होती.

एका रात्रीत असले काम होत नाही, हे दगड फोडणाऱ्या माणसाला सांगायला नको. काळा कातळ, त्याला छिन्नी लावायची, आणि त्यातून इतकी बारीक नक्षी काढायची! सगळे श्रेय पांडवांना दिले की त्या पाथरवटांच्या हाती काय राहिले? त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. निदान काम तरी त्यांचे आहे असे म्हणावे.

आत जाण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. घाई करू नका. खालच्या थरात हत्तींची रांग दिसेल. वर देवदेवता, नाचणाऱ्या बाया, शंकराची निरनिराळी रूपे आहेत. शिखरावर लहान लहान शिखरांच्या माळा चढत गेल्या आहेत. या बांधणीला भूमिज म्हणतात. मग पश्चिमेच्या दाराने आत या. मंडपातले खांब बघा. पुढे वीसेक पायऱ्या खाली उतरलात की गाभारा.

१८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची माणसे इथे आली होती. त्यांनी चित्रे काढली, नक्षीचे साचे घेतले. आज देऊळ केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. तरी झीज चालूच आहे. भिंतीवरच्या मूर्तींना तेल-शेंदूर लावू नये, त्यांवर चढू नये, आपले नाव तर मुळीच कोरू नये.

देवळाला लागून वालधुनी नदी आहे. तिला आता नदी म्हणवत नाही. कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी तिच्यात आले आणि तिचा नाला झाला. हीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून वाहते. ते गाव तरुण आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे त्या बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या गावाची कोनशिला बसली. अजून तिथले लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर' सांगतात. बाजारात गेलात तर दाल-पकवान खाऊन बघा.

उल्हासनगराला नाव मिळाले ते उल्हास नदीवरून. ही नदी बदलापूरवरून येते. उन्हाळ्यात शांत दिसते, पण भरवसा धरू नये. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या बाजूला महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजाराच्या आसपास उतारूंना बोटींतून बाहेर काढावे लागले.

बदलापूरजवळच कोंडेश्वर आहे. महादेवाचे देऊळ, हिरवे डोंगर, धबधबा आणि डोह. कोंड म्हणजे डोहच. पावसाळ्यात पोरे तिथे धावतात, आणि पोहायला येणारीसुद्धा बुडतात. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी एकाएकी चढते. बंदीचा फलक लावलेला असेल तर तो मोठ्याने वाचा, बरोबरच्यांना ऐकवा, आणि काठावरूनच मागे फिरा. धबधबा लांबूनही छान दिसतो.

आता एक हिशेब करा. घरच्या दिनदर्शिकेवर यंदाचा शके छापलेला असतो. तो शोधा. त्यातून ९८२ वजा करा. अंबरनाथच्या लेखाला किती वर्षे झाली ते वहीत लिहा.