सगळ्यात मागचं कुत्रं

"आई, राणी कशीतरीच बघतेय गं," मुलगा म्हणाला. मी पुढच्या सीटवरून मागे न वळताच उत्तर दिलं, "झोपू दे तिला, उठवू नकोस." ते वाक्य अजून टोचतं.

मे महिना होता. आम्ही पुण्याहून गुहागरला माझ्या माहेरी निघालो होतो. उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो, तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. आवराआवरीत आठ वाजले. गाडी सात आसनी होती. मधल्या रांगेत मुलगा, त्याच्या एका बाजूला चौतीस किलोचा लॅब्रॅडॉर भीम आणि दुसऱ्या बाजूला आमची गावठी ठमी. शेवटची रांग पाडून केलेल्या जागेत राणी, नऊ वर्षांची कारवानी. मधल्या सीटच्या पाठीला लागून बॅगांची भिंत रचली होती. राणी पुढे उडी मारून येऊ नये आणि सामानही राहावं, अशा दोन्ही सोयी त्यात पाहिल्या होत्या.

दहा मिनिटांनी चहाला थांबलो आणि डिकी उघडली. चुलीवरचं झाकण काढल्यावर तोंडावर येते तशी गरम हवा आली. राणी आडवी होती. हिरड्या विटेसारख्या लाल, तोंडातून चिकट लाळेची तार, डोळे उघडे पण कशावरच नाहीत. उभी करायला गेलो तर मागचे पाय लटपटले. पुढे आम्ही तिघे गारव्यात बसलो होतो. तिच्या बाजूला मागच्या काचेतून ऊन थेट येत होतं आणि छतातल्या एसीची हवा बॅगांच्या भिंतीपाशीच अडत होती.

पाण्याचा कॅन तिच्यावर ओतला, ओला टॉवेल अंगावर टाकला आणि पाटणमधल्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचं पहिलं वाक्य, "ताई, तो टॉवेल आधी काढा." अंगावर पडून राहिलेला ओला टॉवेल थोड्या वेळात गरम होतो आणि अंगातली उष्णता कोंडून धरतो, हे मला तेव्हा कळलं. पाणी सतत ओतत राहायचं आणि त्यावर वारा घालायचा. तेही निघण्याआधी, जागेवरच सुरू करायचं. गाडीत घालून पळायचं ते त्यानंतर. थर्मामीटरवर 106 च्या वर पारा होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. राणी वाचली. पण तिची मूत्रपिंडं त्या दिवसानंतर पूर्वीसारखी कधीच झाली नाहीत. पुढचे चौदा महिने तिने पथ्याच्या अन्नावर आणि सलाइनवर काढले आणि मग ती गेली.

त्यानंतर मी त्या दिवसाचा पुष्कळ विचार केला. राणी मागे का होती? ती त्रास देत नाही म्हणून. भीम दांडगा, त्याला माणूस जवळ लागतो. ठमीला गाडी लागते, उलटी करते, म्हणून ती हाताशी हवी. राणी शहाणी, कुठेही ठेवा, हूं की चूं करणार नाही. जागावाटप केलं ते कोण किती गोंधळ घालतं यावर. कुणाचं अंग किती सोसेल, हा प्रश्न मनात आलाच नाही. शिवाय ही दख्खनच्या माळरानावर सशामागे धावणारी जात, हिला उन्हाचं काय, अशीही एक समजूत होती. माळावर वारा असतो आणि कुत्रं स्वतः सावली शोधतं, हे ध्यानात घ्यायला हवं होतं.

एका कुत्र्यासोबतचा प्रवास आणि तिघांसोबतचा प्रवास यात हाच मोठा फरक आहे. एक असेल तर नजर त्याच्यावरच असते. तीन असले की नजर भुंकणाऱ्याकडे जाते. म्हणून गाडी बघायला गेलात तर पहिला प्रश्न हा विचारा: सगळ्यात मागच्या जागेत हवा कशी पोचते? विक्रेते डिकीचे लिटर सांगतात. कुत्र्याच्या दृष्टीने त्या आकड्याचा उपयोग थोडा. त्यापेक्षा मेजरिंग टेप न्या.

आधी घरी प्रत्येक कुत्र्याची दोन मापं घ्या: उभं असताना जमिनीपासून कानाच्या टोकापर्यंत आणि नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत. उंचीत दोन-तीन इंच जास्त धरा. मग गाडीत पाडलेल्या सीटपासून छतापर्यंत, चाकांच्या दोन फुगवट्यांमधलं अंतर आणि डिकीच्या दाराचं तोंड मोजा. दाराचं तोंड आतल्या जागेपेक्षा लहान असतं आणि मागची काच तिरकी असल्यामुळे वर जागा कमी होत जाते. लॅब्रॅडॉरला साधारण 42 इंची पिंजरा लागतो, त्याची रुंदी 28 इंच. असे दोन शेजारी म्हणजे 56 इंच. आमच्या गाडीत फुगवट्यांमध्ये 41 इंच भरतात. दुकानात बसून हे डोळ्यांनी कधीच कळलं नसतं.

सीएनजीची गाडी घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. टाकी बहुधा डिकीत असते आणि कुत्र्याची जागा तीच खाते. पेट्रोलच्या गाडीत माप घेऊन सीएनजीची गाडी नोंदवली, अशी चूक आमच्या ओळखीत एकाने केली आहे.

गाड्यांबद्दल मला जे दिसलं ते सांगते. ईकोला दोन्ही बाजूंना सरकती दारं आहेत, आत चौकोनी मोकळी जागा आहे आणि म्हाताऱ्या कुत्र्याला चढणं सोपं जातं. एसीचे झरोके मात्र पुढेच आहेत. बोलेरो कच्च्या रस्त्याला भक्कम, पण तिथेही मागे वेगळी हवा नाही आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमुळे शेवटच्या जागेला धक्के जास्त बसतात. गाडी लागणाऱ्या कुत्र्याला ते सोसत नाही. एर्टिगात मधल्या रांगेसाठी वेगळे झरोके आहेत आणि शेवटची रांग अर्धी-अर्धी पाडता येते. ट्रायबरची शेवटची रांग कारखान्यातूनच काढता येण्याजोगी येते, आणि मागच्या दोन्ही रांगांना हवेचे झरोके आहेत; मध्यम आकाराच्या दोन कुत्र्यांना ती सोयीची. इनोव्हा क्रिस्टाच्या शेवटच्या सीटा उचलून बाजूला अडकवतात. जमीन सपाट मिळते, पण सीटा बाजूच्या काचा झाकतात. दोनच लहान कुत्री असतील तर वॅगनआरसारखी उंच छताची छोटी गाडी पुरते. मोठी सेदान मात्र मी कुणालाही सुचवणार नाही, कारण तिची डिकी बंद पेटी असते आणि सगळी कुत्री एकाच सीटवर येतात.

काहीजण जागेसाठी सीटा नटबोल्ट काढून कायमच्या बाहेर ठेवतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत नोंदणीशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि आसनसंख्या नोंदणीपत्रावर लिहिलेली असते. त्यामुळे पाडता येणाऱ्या सीटांची गाडीच निवडावी. लोखंडी जाळी वेल्डिंग करून बसवू नये. सीटच्या पाठीला आणि छताला ताणून धरणारी, काढता येणारी जाळी बाजारात मिळते. जाळीतून हवा जाते. आमच्या बॅगांतून ती गेली नाही.

आता हवेचं. मी वायर असलेलं छोटं डिजिटल थर्मामीटर आणलं. फिश टँकसाठी वापरतात तसलं. त्याची टोकाची कांडी शेवटच्या जागेत, कुत्र्याच्या उंचीला लावली आणि आकडा दिसेल असा भाग पुढे डॅशबोर्डवर चिकटवला. पहिल्याच दुपारी पुढे 24 अंश सेल्सियस असताना मागे 33 दिसलं. काळे पडदे लावले, सामान खाली पसरून ठेवलं, ब्लोअर वाढवला, एक छोटा यूएसबी पंखा मागच्या बाजूला तोंड करून लावला, तेव्हा ते 27 वर आलं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कुत्री अंगावर माणसासारखी घामेजत नाहीत, धापा टाकून थंड होतात. तीन कुत्री बंद गाडीत धापा टाकायला लागली की हवा दमट होते, आणि दमट हवेत धापा टाकण्याचा उपयोग कमी होतो. म्हणून आतलीच हवा फिरवणारं बटण सतत चालू ठेवू नका. मधूनमधून बाहेरची ताजी हवा घ्या. पग, शिहत्झू, बुलडॉग अशी चपट्या नाकाची कुत्री आणि म्हातारी कुत्री यांना झरोक्याच्या अगदी जवळची जागा द्या.

उभ्या गाडीत कुत्र्याला सोडून जेवायला जाऊ नये, हे बहुतेकांना माहीत असतं. तरी "पाचच मिनिटं" म्हणून लोक जातात. 2005 साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात बंद उभ्या गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी 40 अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे 22 अंश सेल्सियसने वाढलं. त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. आम्ही आता पाळीपाळीने जेवतो. एकाने गाडीजवळ थांबायचंच.

बांधण्याबद्दलही आम्हाला एक धडा मिळाला, तोही त्याच प्रवासात, परतताना. कुंभार्ली घाटात वळणावर समोरून एसटी आली, नवऱ्याने ब्रेक दाबला आणि मोकळा बसलेला भीम सीटवरून घसरून ठमीवर कोसळला. घाबरून दोघं एकमेकांना चावली, मुलाच्या हाताला दात लागले. गाडीचा वेग तेव्हा जेमतेम तीस असेल. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात गाडी अचानक थांबली तर मोकळं कुत्रं ज्या जोराने पुढे जातं, तो जवळपास दहा मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. तिसऱ्या मजल्याहून पडल्यासारखंच. ते कुत्र्यालाही लागतं आणि पुढे बसलेल्यालाही.

पट्टा गळ्याला कधीच अडकवू नका, मान मोडते. छातीचा रुंद हार्नेस घ्या आणि त्याला आखूड पट्टा लावा. कुत्र्याला बसता, आडवं होता यावं, पण शेजारच्यापर्यंत पोचता येऊ नये इतकाच. लांब पट्ट्यांचा तिघांमध्ये गोफ विणला जातो. पट्ट्याचं टोक सीटबेल्टच्या खाचेत अडकवलं तर कुत्र्याचा पाय लाल बटणावर पडून ते सुटतं. भीमने दोनदा सोडवून घेतलं. आम्ही ते सीटबेल्टच्या पट्ट्यातूनच ओवून घेतो. पिंजरा असेल तर तो सीटच्या पाठीला टेकवून, जमिनीच्या कड्यांना ताणपट्ट्यांनी आवळून बांधा. हवेसाठी मी तारेचा पिंजरा घेतला आहे. मोठ्या टकरीत तो चेपेल, हे मला माहीत आहे. आपल्या हवामानात मला हवा जास्त महत्त्वाची वाटली.

खाली सतरंजी घालू नका, घाटात ती कुत्र्यासकट सरकते. रबरी मॅट, तिच्यावर बारदान आणि वर जुनी गोधडी, असा थर आम्हाला मानवला. पाय रोवता यायला लागल्यावर ठमीच्या उलट्या निम्म्याने कमी झाल्या. निघण्याआधी तीन-चार तास तिला खायला देत नाही, आणि उलटीची गोळी डॉक्टर वजन बघून देतील तीच.

सगळ्यात धोक्याचा क्षण दार उघडण्याचा. तीन कुत्री एका दारातून एकदम सुटली तर हायवेवर तुमचे दोन हात पुरत नाहीत. आमच्याकडे नियम असा: आधी आतल्या माणसाने तिघांच्या साखळ्या हातात घ्यायच्या, बाहेरच्याने विचारायचं "धरल्या का?", "धरल्या" ऐकू आलं की दार. पाठच्या दारांचं चाइल्ड लॉक आणि काचांचं लॉक कायम लावलेलं. कोकणात जाताना रेबीजबरोबर लेप्टोस्पायरोसिसच्या लसीची नोंद असलेलं कार्ड आणि गोचिडीचं औषध आम्ही गाडीच्या कप्प्यातच ठेवतो.

आता भीम म्हातारा झालाय. मधल्या रांगेतली, झरोक्याखालची जागा त्याची. ठमी मुलाच्या दुसऱ्या बाजूला. मागच्या पिंजऱ्यात पिवळी, गेल्या वर्षी सोसायटीच्या गेटपाशी सापडलेली; तिघांत ती सगळ्यात तरुण आणि धडधाकट. प्रवासाच्या आदल्या दिवशी, ऐन दुपारी, मुलगा पिंजरा बाहेर काढून त्या जागेत स्वतः गुडघे पोटाशी घेऊन बसतो. आम्ही दार लावतो, एसी चालू करतो आणि दहा मिनिटं गाडी फिरवून आणतो. परत आल्यावर त्याने "इथे जमेल" म्हटलं तरच पिंजरा पुन्हा तिथे जातो. मागच्या वेळी तो म्हणाला, "डाव्या काचेतून ऊन मानेवर येतंय." तेव्हा पडदा शिवून घेतला आणि मगच निघालो.