आजी-आजोबांसमोर बोलताना



आपल्या युवक गटातील एका कार्यकर्त्यावर वृद्धाश्रमातील प्रार्थनासभेत चिंतन देण्याची जबाबदारी आली आहे. "फादर, मी पंचविशीतला. ऐंशी वर्षांच्या माणसांना मी काय सांगणार?" असे तो आम्हाला विचारतो. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. घरात खाटेवर असलेल्या आजीजवळ बसल्यावर काय बोलावे, हे आपल्यालाही पुष्कळदा सुचत नाही. म्हणून आज या प्रश्नाचा आपण सर्वांनी मिळून विचार करू या.

प्रथम एक खुलासा. ख्रिस्तसभेच्या १९८३ सालच्या कायदेसंहितेनुसार (कलम ७६७) मिस्सामधील प्रवचन हे धर्मगुरू किंवा डीकन यांनीच द्यावयाचे असते. परंतु मिस्साव्यतिरिक्त होणाऱ्या प्रार्थनासभेत प्रापंचिक व्यक्ती देवशब्दावर चिंतन देऊ शकते. तेव्हा आपल्या तरुणाने संकोच करू नये.

संत पौलाचा सल्ला

तीमथ्य हा एफिस येथील ख्रिस्ती समूहाचा तरुण पुढारी होता. पौल त्याला लिहितो की, तुझ्या तरुणपणामुळे कोणी तुला कमी लेखू नये. बोलण्यात, वागण्यात, प्रीतीत आणि श्रद्धेत तू कित्ता हो (१ तीमथ्य ४:१२). लगेच पुढच्या अध्यायाच्या आरंभी तो सांगतो की, वडीलधाऱ्या पुरुषाला पित्यासमान आणि वयस्क स्त्रीला मातेसमान मानून बोल (५:१-२). पहिल्या सल्ल्याने धैर्य मिळते, दुसऱ्याने रीत कळते. मुलगा बापाला उपदेशाचे डोस पाजत नाही आणि बाळाशी बोलावे तसे बोबडेही बोलत नाही.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या आरंभी सॉक्रेटिस वृद्ध केफालसला भेटतो. जी वाट आपल्यालाही चालायची आहे, त्या वाटेवर पुढे गेलेल्यांना ती कशी आहे हे विचारावे, असे तो म्हणतो. चिंतनाची तयारी तेथूनच सुरू होते. म्हणून आधी एकदा नुसते भेटायला जावे आणि ऐकावे. आज ऐंशी ओलांडलेल्यांचे बालपण लॅटिन मिस्सामध्ये गेले. दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२-६५) झाली तेव्हा ते तरुण होते. मिस्सा मायबोलीत आली तेव्हा काय वाटले, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?

काय सांगावे?

"धीर धरा, आनंदी राहा, देव सर्व पाहतो" एवढे सांगून मोकळे होणे सोपे असते. पण खोलीत बसलेल्या माणसाचे दुःख निराळे असते. घर सुटलेले असते, मुले लांब असतात आणि "मी आता कोणाच्याच उपयोगाचा नाही" हा विचार रात्री झोपू देत नाही. आपण केवळ कीव केली, तर त्या विचारावर आपणच शिक्कामोर्तब करतो.

पवित्र शास्त्र हे दुःख लपवत नाही. म्हातारपणी मला टाकून देऊ नकोस, अशी विनवणी ७१व्या स्तोत्रात आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला आणि पुढे २०२४च्या दिनासाठी हाच विषय निवडण्यात आला होता.

दुसरीकडे लूकच्या शुभवर्तमानात (२:२२-३८) मंदिरात आणलेल्या बाळ येशूला वयोवृद्ध शिमोन ओळखतो. चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना त्या बाळाविषयी इतरांना सांगत सुटते. तरुण आईबाप तेथे ऐकणारे आहेत. देवाने वृद्धांना निवृत्त केलेले नाही. त्यांच्याकडे सेवाकार्य आहे.

म्हणून चिंतनाच्या शेवटी त्यांच्याकडे काम सोपवावे. परीक्षेला बसणारी मुले, धर्मग्रामातील आजारी, नोकरी शोधणारे तरुण, यांच्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करावी. पुढच्या भेटीत काय झाले ते आठवणीने कळवावे. मात्र पुन्हा जाणार असाल तरच "पुन्हा येतो" म्हणावे.

काही व्यावहारिक सूचना

१. सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. एकच उतारा व एकच विचार पुरे.

२. ओरडू नये. वयोमानाने बारीक, उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून सावकाश, खालच्या पट्टीत आणि समोर तोंड करून बोलावे. टीव्ही बंद करून घ्यावा.

३. विस्मरण झालेल्यांनाही लहानपणच्या प्रार्थना पुष्कळदा आठवतात. रोझरीचे एक दशक सर्वांनी मिळून म्हणावे.

४. विचारल्याशिवाय फोटो काढू नयेत.

५. चिंतनानंतर लगेच निघू नये. प्रत्येकाजवळ थोडा वेळ बसावे.

चिंतनासाठी प्रश्न

• आपल्या घरातील वृद्धांशी आपण शेवटचे निवांत कधी बोललो?

• त्यांच्याकडून श्रद्धेविषयी काय ऐकायचे राहून गेले आहे?

• या आठवड्यात आपण त्यांना कोणासाठी प्रार्थना करायला सांगू?